सुई न देणाऱ्या डॉक्टरबाई

घाटनांदुरात आमच्या डॉक्टरबाईंची ओळख एकच होती: त्या सहजासहजी सुई देत नसत. पोट बिघडलेल्या माणसाला आधी विचारत, “काल काय खाल्लं?” माणूस रागावून दुसऱ्या दवाखान्यात गेला, तरी बाईंना त्याचं काही वाटत नसे.

माझ्या सासूबाईंना खोकल्यासाठी शहरात जोराची अँटिबायोटिक्स दिली होती. खोकला गेला आणि जुलाब लागले. थांबायचे, पुन्हा सुरू व्हायचे. त्या सुकून गेल्या, तेव्हा मी त्यांना बाईंकडे नेलं आणि आणखी जोराची गोळी मागितली.

“जोराच्याच गोळीनं झालंय हे,” बाई म्हणाल्या. त्यांनी तपासणी करून घेतली, मीठ-साखरेचं पाणी सुरू केलं आणि सासूबाईंजवळ बसल्या. “मावशी, एस्टीत रुमाल टाकून जागा धरता का न्हाई? आतड्यात चांगले जंतू तशीच जागा धरून बसलेले असतात. ते बसलेले असले, की वाईट जंतूंना आतड्याला चिकटायला जागाच मिळत न्हाई. त्या गोळीनं वाइटासंगं चांगलेबी उठवले.”

“मंग आता कोण बसायचं?” सासूबाईंनी क्षीण आवाजात विचारलं.

“चांगलेच बसवू. पर लई घाई करायची न्हाई.”

मऊ भात, ताजं दही, उकळलेलं पाणी. बाई घरी जाता जाता आमच्याकडे डोकावत. सासूबाई हळूहळू अंगणात येऊन बसू लागल्या.

पुढच्या पावसाळ्यात माझ्या मुलाला ताप चढला, शौचातून रक्त पडू लागलं. बाईंनी अँटिबायोटिक लिहून दिलं, तर मीच अडून बसले. चांगले जंतू मरतील म्हणाले.

बाईंचा आवाज चढलेला मी तेव्हाच ऐकला. “मी गोळीची वैरी न्हाई बाई. गरज नव्हती तवा नको म्हणले. आता वाईट जंतू चिकटून बसलेत, त्यांना काढावंच लागतंय. पोराला पाणी दे, गोळी दे.”

पोरगा बरा झाला.

गुडघ्यांनी दगा दिल्यावर बाईंनी दवाखाना बंद केला आणि त्या परळीला भावाकडे राहायला गेल्या. महिनाभरात सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभ्या राहिल्या. बाईंकडे घेऊन चल म्हणाल्या.

मी घाबरले. “आत्या, काय होतंय?”

“काय न्हाई,” त्या म्हणाल्या. “बरी हाय म्हणून सांगायला जायचंय.”