शालीबाहेरचा पाय

साउंड बाथ म्हणजे चटईवर डोळे मिटून पडायचं आणि पितळी वाडग्यांचा नाद ऐकत राहायचं. पहिल्या दिवशी फुकट होतं. पुढे पैसे भरावेत का, म्हणून मुलीला फोनवर विचारलं. ती हसली, "बाबा, वाट्या काय घरात नाहीत?"

खरं सांगायचं तर मलाही कंटाळाच आला होता. पण त्या दिवशी मध्येच वाडगे वाजवणारी मुलगी उठली. माझा एक पाय शालीबाहेर राहिला होता. तिने तो झाकला, शालीची कड टाचेखाली खोचली आणि पुढे गेली. तिच्या दृष्टीने तेवढंच.

मोठ्या माणसाचं पांघरूण सरकलंय, हे कोण बघतं? लहानपणी कुणी सारखं केलं असेल, पण तेव्हा आपण झोपेत असतो. बायको गेल्यापासून माझी रात्री सरकलेली चादर सकाळी तशीच सरकलेली असते.

काल पैसे भरले. "कुठला आवाज आवडला, काका?" त्या मुलीने विचारलं.

"सगळेच," म्हणालो. मग चटईवर आडवा झालो, डोळे मिटले आणि एक पाय हळूच शालीबाहेर काढून ठेवला.