माळवदावरचा दोस्त

आता काय सांगू तुम्हाला, माणसानं तंद्रीत चालावं, पण तंद्रीत बोलू नये! तुम्ही चहा घ्या, सांगतो.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. आम्ही तेरचे. नवीन लग्न, त्यात सरूला दिवस गेलेले. मी हवेतच! पण पाचवा महिना लागला आणि आईनं फर्मान काढलं.

"आजपासनं तू माळवदावर निजायचं. तिच्या जवळ जायचं न्हाय, पोटातल्या लेकराला दुखापत हुती. आनि ती बाळंत हुईस्तवर दाढी न्हाय, डोईला वस्तरा न्हाय!"

आईपुढं कोण बोलणार? घोंगडी घेऊन वर गेलो. मातीचं गार माळवद, पलीकडं तेरणा नदी, वर चांदणंच चांदणं. माळवदाला उजेडासाठी एक भोक असतं ना, सानं म्हणतो आम्ही, ते नेमकं सरूच्या खोलीवर! मग काय, तिन्हीसांजेला मी त्यातून हळूच बोरं सोडायचो आणि खालून तिचं हसू वर यायचं. असं वाटायचं, जन्म इथंच सरावा.

पण माझी दाढी वाढत गेली आणि तिचं हसू आटत गेलं. एका संध्याकाळी बोरंच खालून परत वर आली.

"आता म्या तुमास्नी आवडत न्हाय. पोट सुटलंय न्हवं माजं! अप्पास्नी सांगावा धाडलाय. म्हायेरी मुरुमला जाती, ते परत यायची न्हाय."

काळीजच हललं माझं. जवळ जावं तर लेकराला धोका, न जावं तर बायको चालली! सकाळी उठून तडक धाराशिवचा सरकारी दवाखाना गाठला. पण डॉक्टरसाहेबांपुढं जीभ उचलेल तर शपथ.

"साहेब, येक दोस्त हाय माजा. त्याच्या बायकूला दिवस गेल्यात. तर... नवराबायकूनं जवळ यावं का न्हाय, असं इचारतोय त्यो."

साहेबांनी माझी रानासारखी वाढलेली दाढी नीट न्याहाळली.

"खून, म्हंजी रगत, जातंय का तिला? पोटात दर्द?"

"छे छे! कायबी न्हाय साहेब, झ्याक हाय ती!"

"दोस्ताच्या घरातलं लई मालूम हाय तुमाला!" साहेब गालातल्या गालात हसले. मग समजावून म्हणाले, "लेकरू आत पाण्याच्या पिशवीत महफूज, सुखरूप असतंय. खून न्हाय, दर्द न्हाय, आन् बीवीची मर्जी असंल, तर डर कशाचा? तकलीफ झाली की थांबायचं आन् तिला इथं घेऊन यायचं. सांगा दोस्ताला!"

परतीच्या वाटेवर जोंधळा डुलत होता आणि त्याच्याबरोबर मीही. लेकराचं नाव ठरवलं, पाळणा बांधला, त्याला चालायलाही शिकवलं. सगळं मनातल्या मनात! घरापुढं कुणाची तरी बैलगाडी सुटली होती. दिसली का मला? दिसली. डोक्यात शिरली का? कशाला शिरेल! आईची नजर चुकवून मागच्या जिन्यानं थेट माळवदावर गेलो आणि सान्याला तोंड लावलं.

"सरू! डागदर म्हनले, जवळ आल्यानं लेकराला कायबी हुत न्हाय! लाज वाटली म्हनून दोस्ताचं नाव सांगून इचारलं. तू लई आवडतीस गं मला, पोटासकट! आज म्या खाली येनार!"

खालून कुणीतरी घसा खाकरला. चांगलं जाड, मिशीवालं खाकरणं.

"या की जावईबापू," सासरे म्हणाले. "च्या निवाय लागलाय."

धरणी दुभंगावी म्हणतात, माझं तर माळवदही दुभंगेना! खाली गेलो, तर सासऱ्यांशेजारी आई कपाळाला हात लावून बसलेली आणि सरू तोंडात पदर कोंबून गदगदत होती. इतक्या दिवसांनी हसत होती हो!

सासऱ्यांनी चहा घेतला आणि गाडी रिकामीच जुंपली. "सातव्यात येतो न्यायला," एवढंच म्हणाले. आईनं माळवदावरची घोंगडी मुकाट्यानं खाली आणली.

पुढं लेकीच्या बारशाला, भर पंगतीत, सासऱ्यांनी विचारलं, "जावईबापू, तुमचा त्यो दोस्त कसा हाय?"

"बरा हाय," मी पत्रावळीत बघत म्हणालो.

आणि धाकट्याच्या बारशाला तर विचारलंही नाही. पाळण्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "दोस्त लईच बरा दिसतोय!"