वणव्यातून आलेला माणूस

त्या उन्हाळ्यात चाकणभोवतीचा एखादा तरी डोंगर रोज पेटलेला असायचा. शिफ्ट संपवून कंपनीच्या बसमधून घरी येताना धुराचे लोट दिसायचे. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी राख पडायची आणि ती झटकून आम्ही निमूटपणे घड्या घालायचो. आगीची इतकी सवय झाली होती. मीही आतून तशीच बधिर झाले होते. हिवाळ्यात माझं बाळ पोटातच गेलं. त्यानंतर देवापुढे दिवा लावत होते, पण हात जोडले की मनात काहीच यायचं नाही. ऐकणारं कुणी आहे का, याचीच शंका वाटायची.

सासूबाई परभणीकडच्या, देवीवर फार श्रद्धा असलेल्या. गुरुवारी कंपनीला सुट्टी असते, म्हणून मागे लागून त्यांनी मला डोंगरावरच्या देवीची ओटी भरायला नेलं. त्यांचं मन मोडू नये एवढ्यासाठीच मी गेले.

दर्शन घेऊन उतरायला लागलो तेव्हा ऊन चढलं होतं. निम्म्या वाटेवर सासूबाईंचा गुडघा धरला आणि त्या एका दगडावर बसल्या. मी त्यांचा पाय चोळत होते, तेवढ्यात खालून तडतड आवाज आला. वाटलं, कुणी फटाक्यांची माळ लावली असेल. मग वळणापलीकडून धूर आला आणि त्याच्या मागोमाग ज्वाळा. वाळल्या गवतातून त्या अक्षरशः धावत वर येत होत्या. बसच्या खिडकीतून इतके दिवस पाहिलेला वणवा तो हाच, हे माझ्या डोक्यात शिरेचना.

“आई, उठा! वर चला!” मी त्यांना ओढायला लागले.

“मला न्हाई जमायचं, माय. तू पळ,” त्या शांतपणे म्हणाल्या. मी त्यांना घट्ट धरून तिथेच उभी राहिले. खरं सांगते, त्या क्षणी मला एकाही देवाचं नाव आठवलं नाही.

आणि धुरातून एक माणूस आला. तोंडाला टॉवेल गुंडाळलेला, हातात करपलेली फांदी. “वर जाऊ नका! जाळ वर पळतोय. माझ्या मागं या!” खडकाजवळ गवत विरळ होतं, तिथली आग त्यानं फांदीनं आणि मग हातांनीही झोडपून विझवली. परत येऊन सासूबाईंना पाठुंगळीला घेतलं आणि त्या फटीतून सरळ आगीपलीकडे गेला. मी डोळे मिटून त्याच्या मागे धावले. पलीकडची जमीन काळीठिक्कर पडली होती. चपलेतून चटके बसत होते, पण जळायला तिथे काही उरलंच नव्हतं.

“हितं थांबा. हितलं जळून गेलंय, आता न्हाई यायचा जाळ.”

आम्ही बसलो होतो तो दगड पाहता पाहता ज्वाळांत दिसेनासा झाला. सासूबाईंनी त्याला हात जोडले. “देवीनंच धाडलं बाबा तुला.”

तो एकदम मटकन खाली बसला. “तसं म्हनू नका, आई. ह्यो जाळ म्याच लावलाय.” खालच्या शेताचा बांध त्यानं दरवर्षीसारखा पेटवला होता. वारं सुटलं आणि डोंगर पेटला. “वर कुनी हाय का बघाया पळत आलो.”

आगीनं बसला नव्हता इतका धक्का मला त्या वाक्यानं बसला. शेजारीच एक ससा जळून पडला होता. त्याच्यावरून माझी नजर हटेना. या माणसाच्या अंगावर धावून जावं असं वाटत होतं आणि त्याच्याच जिवावर तर मी उभी होते. सासूबाईंनी पिशवीतली पाण्याची बाटली काढली, त्याचे हात पुढे ओढले आणि धार धरली. तळहातांची सालटी निघाली होती. तो लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला.

गावातली माणसं आणि वनखात्याचे लोक वर आले, तेव्हा तो आपणहून उठला आणि त्यांच्याकडे गेला. “आग म्या लावली, सायेब,” एवढं मी ऐकलं.

पुढे त्याचं काय झालं, मला माहीत नाही. डोंगर बरेच दिवस काळा होता. सासूबाई म्हणतात, देवीनं माणूस धाडला. मी वाद घालत नाही. इतकंच कळलंय की मदत कोणाच्या हातून यावी, हे ठरवणं माझ्याकडे नाही. राग अजूनही येतो. पण आता दिव्यासमोर हात जोडले की तो काजळीनं माखलेला चेहरा समोर येतो. मी त्याला दूर सारत नाही. त्याच्या हातांना आराम पडू दे, एवढंच म्हणते आणि डोकं टेकते.