वाफेक वाट होयी

"पाणी नको, चहा नको. आधी बाथरूम दाखवा."

कुणाच्याही घरी गेल्या की सिस्टर हेच म्हणायच्या. चपला दाराबाहेर, पदर कमरेला खोचलेला, आणि थेट आत. घरच्यांना वाटायचं, बाईंना घाई लागली असेल. सगळे भिडेने दुसरीकडे बघत बसायचे. मग आतून आवाज यायचा, "ह्यो पंखो कोणी बंद करून ठेवल्यान?"

तुम्ही नव्या इमारतीत राहायला गेला असाल, तर अशी एखादी व्यक्ती तुमच्याही जिन्यात भेटली असेल. आपण तिला टाळतो. लिफ्टमध्ये ती दिसली की मोबाइल काढतो. मीही काढला आहे.

आमची लालबागची चाळ पाडून तिच्याच जागेवर टॉवर उभा राहिला. आम्ही चौदाव्या मजल्यावर आलो, सिस्टर अकराव्या. त्या एकट्याच होत्या. खरं तर त्या सिस्टरही नव्हत्या. क्षयाच्या रुग्णालयात पस्तीस वर्षं आया होत्या. चाळीत कुणीतरी सिस्टर म्हटलं आणि तेच राहिलं. "सिस्टर नाय हां, आया," असं त्या प्रत्येकाला एकदा सांगायच्या. नंतर सांगायचं सोडून द्यायच्या.

"आमच्या वार्डात खिडक्यांना आतून कड्याच नव्हत्या, मास्तर," एकदा त्या मला म्हणाल्या. "लावायच्याच नाहीत, तर कड्या कशाला?"

बंद जागा त्यांना सहन होत नसे. चाळीत त्यांचा अर्धा दिवस गॅलरीत जायचा. टॉवरला गॅलरी नव्हती. मग त्या लॉबीत येरझाऱ्या घालायच्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हाताची घडी घालून. बाराव्या मजल्यावर एकांची वास्तुशांत होती. प्रसादाचा शिरा हातात घेऊन सिस्टर फिरत फिरत बाथरूमपाशी गेल्या. दाराच्या मागे खिळ्यावर एकावर एक असे ओले टॉवेल. त्यांनी शिऱ्याची डिश बेसिनवर ठेवली आणि सगळे टॉवेल बाहेर आणून नव्या सोफ्याच्या पाठीवर पसरले. आठ होते. पाहुणे बसलेले, भटजी दक्षिणेची वाट बघत उभे.

"सिस्टर, अहो, निदान आजचा दिवस!" यजमानीण म्हणाली.

"बुरशी मुहूर्त बघून येता काय?"

आम्ही त्या दिवशी खूप हसलो. घरी येईपर्यंत हसत होतो. घरी आल्यावर माझ्या पत्नीला खोकल्याची उबळ आली आणि ती बराच वेळ थांबेना.

तो खोकला या घरातच सुरू झाला होता. आधी वाटलं, रंगाचा वास असेल. मग बाथरूमच्या भिंतीवर, छताच्या कोपऱ्यात काळे ठिपके दिसू लागले. बिल्डरच्या माणसाने भिंतीवर थाप मारून सांगितलं, "नवीन बांधकाम आहे काका, दोनेक वर्षं पाणी सोडणारच." मी रंगाऱ्याला बोलावून ठिपक्यांवर रंग दिला. महिन्याभरात ते रंगातून वर आले. पुन्हा रंग दिला, पुन्हा आले. त्याच भिंतीच्या दुसऱ्या बाजूला माझं पुस्तकांचं कपाट होतं. तळाच्या ओळीतले शब्दकोश फुगून एकमेकांना चिकटले होते. मी दर सकाळी भिंतीला बोट लावून बघायचो. दुपारी पुन्हा बघायचो. वाचायला बसलो की दुसऱ्या पानावर उठायचो आणि बोट लावून यायचो.

डॉक्टरांनी हिला पंप दिला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "घरातली ओल काढा. नाहीतर यांना कोरड्या हवेत कुठेतरी ठेवा."

कुठेतरी म्हणजे मुलीकडे, नाशिकला. तेरा वर्षं आम्ही संक्रमण शिबिरात काढली होती. त्या तेरा वर्षांत हिने या घराचे पडदे मनात कितीदा तरी बदलले होते. "मी इथून हलणार नाही," ती म्हणाली. एवढं बोलायलाही तिला मध्ये थांबावं लागलं.

तेव्हा मी स्वतः अकराव्या मजल्यावर जाऊन सिस्टरना बोलावलं.

त्या आल्या. चहा नको म्हणाल्या. बाथरूममध्ये जाऊन त्यांनी माझ्याकडून वर्तमानपत्राचा एक तुकडा मागून घेतला. मला आत घेतलं, दार घट्ट लावलं, पंखा सुरू केला आणि स्टुलावर चढून तो कागद जाळीला लावला. हात काढताच कागद खाली पडला.

"आता दार उघडा. जरासं."

मी चार बोटं उघडलं. या वेळी कागद जाळीला चिकटून राहिला, फडफडत.

"बघितलंत? दाराखाली फट नाय, वरची झडप तुम्ही टेप लावून बंद केलेली. आत येवक वाट नाय, तर भायर जातला खयसून? पंखो बिचारो नुसतो गरगरता. वाफेक वाट होयी, मास्तर."

झडपेला टेप मीच लावली होती. डक्टमधून खालच्या घरांतल्या सुक्या बोंबलांचा वास यायचा म्हणून. दार बंद ठेवायचं ते मात्र हिने. कारण आमचा संडास-बाथरूम एकच, आणि त्याच्या दाराच्या बरोबर समोर देव. दुसरी भिंतच नव्हती. एकीकडे खिडकी, एकीकडे कपाटं, एकीकडे स्वयंपाकाचा ओटा.

"संडासाचं दार देवासमोर उघडं? शक्य नाही," ही म्हणाली. "माझ्या माहेरी, ठाकूरद्वारला, पाय धुतल्याशिवाय उंबऱ्याच्या आत घेत नसत."

"मग देव हलवा, वैनी."

"कुठे हलवू? ओट्यावर?"

"तुमचो जीव जातलो तो चालात?"

"देवांच्या तोंडावर संडास उघडा ठेवून मला जगायचं नाही."

सिस्टर पदर सोडून निघून गेल्या. मला वाटलं, संपलं. मी मुलीला फोन केला. हिची बॅगही काढून पलंगावर ठेवली. ती तीन दिवस तशीच उघडी पडून होती. हिने त्यात काही भरलं नाही आणि मी ती उचलली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी बेल वाजली. सिस्टर दारातूनच म्हणाल्या, "वैनी, एक सांगा. तुमच्या ठाकूरद्वारच्या देवळात दुपारी काय करतात?"

"काय करतात म्हणजे?"

"नैवेद्य झाला की देवाचं दार लावतात ना?"

"लावतात. देवाची विश्रांती असते."

"मग तुमच्या देवांनीच काय पाप केलंय? त्यांना चोवीस तास ड्युटी?"

 हिच्या ओठांच्या कडा हलल्या, ते मी पाहिलं.

सुताराने देव्हाऱ्याला दोन लहान दारं बसवली. बाथरूमच्या दाराचा खालून बोटभर तुकडा कापला. झडपेची टेप मी काढली. नवा क्रम ठरला. आधी आंघोळी. भिंती आणि फरशी वायपरने निपटून घ्यायच्या. मग बाथरूमचं दार उघडं, पंखा सुरू, हॉलची खिडकी उघडी, आणि या सगळ्या वेळात देवांची दारं बंद. आरशावरचं धुकं जाऊन दोन तास झाले की बाथरूमचं दार लावायचं, देव उघडायचे आणि पूजा करायची.

"आमचे देव पहाटेचे उठणारे हो," ही कुरकुरली. "आता नऊ वाजतात त्यांना."

"रिटायर झाले ते," सिस्टर म्हणाल्या.

पुढे सिस्टर रोज नऊला यायच्या. भिंतीवर तळहात ठेवून उभ्या राहायच्या, जसा कुणाच्या कपाळावर ठेवावा. कधी मान हलवायच्या, कधी नाही. पावसात पुन्हा ठिपके आले, तेव्हा मी हातपाय गाळले. त्या मला ओरडल्या, "मास्तर, शाळेत पोरगा एकदा नापास झाला की पटावरून नाव काढत होतात काय?" हिच्याशी त्या आता "गो" म्हणून बोलत. दोघी हॉलच्या खिडकीशी उभ्या राहून खालच्या गल्लीतल्या माणसांबद्दल अखंड काहीतरी बोलायच्या. दिवाळीपर्यंत ही आडवी होऊन झोपू लागली. त्याआधी पाठीशी तीन उशा असायच्या. बॅग मी माळ्यावर टाकली.

सिस्टरच्या स्वतःच्या छातीत जुनं दुखणं होतं, बहुधा वॉर्डातूनच आणलेलं. ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. यंदा माघात त्यांना त्यांच्याच जुन्या रुग्णालयात ठेवावं लागलं. आठव्या दिवशी त्या गेल्या. त्याच्या आदल्या दुपारी आम्ही दोघं भेटायला गेलो होतो.

वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट फक्त रुग्णांसाठी. ही हळूहळू चढली. शेवटच्या वळणावर एक दगडी बाक होता, तिथे बसली. मी म्हटलं, आता जाऊ या. तिने हाताने थांब म्हणून सांगितलं. श्वास अगदी सरळ झाल्याशिवाय तिला आत जायचं नव्हतं. पंधरा-वीस मिनिटं आम्ही तिथे बसलो. येणारे-जाणारे आमच्याकडे बघत होते. मग तिने तोंड पुसलं, केस सारखे केले आणि आत शिरली ती ताठ, नेहमीच्या चालीने.

सिस्टरच्या नाकाला नळी होती. डोळे मिटलेले. आमची पावलं ऐकून त्यांनी ते उघडले नाहीत. नुसतं ऐकत राहिल्या.

"मी आलेय, सिस्टर," ही म्हणाली. "दोन जिने चढून आले. बघा, धाप नाही."

सिस्टरनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. आवाज फार बारीक झाला होता. "जिन्यातलो बाकडो गार असता ना गो?"

ही हसली. हसता हसता खोकली, आणि मग तिला धाप लागली ती लागलीच. मी पर्समधला पंप शोधू लागलो. सिस्टरनी पांघरुणातून हात काढून हिचं मनगट धरलं.  हिची छाती वरखाली होत होती आणि सिस्टरचे ओठ अगदी थोडे हलत होते. आधी मला वाटलं, त्यांना काही सांगायचं असेल. मी वाकलो.

त्या हिचे श्वास मोजत होत्या.