सावंतकाकांच्या काढ्याचा रिपोर्ट

लॅबमध्ये रक्तापेक्षा किस्से जास्त जमतात. रक्ताच्या ट्यूबा संध्याकाळी फेकता येतात, किस्से कुठे फेकणार? दोन हजार सालानंतरची चारपाच वर्षं मी नवघर रोडवरच्या एका छोट्या लॅबमध्ये सुया टोचत होते, तेव्हाचे हे. विषय एकच, ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी. आणि जवळपास प्रत्येक किश्श्यात सावंतकाका!

काका मूळचे रत्नागिरीचे, लॅबच्या वरच्या सोसायटीचे सेक्रेटरी. रिटायर झाल्यापासून रोज सकाळी आमच्याच बाकावर. कुणी रिपोर्ट घेऊन निघालं की हात पुढे, "बघू, तुझं किती?" दीडशेच्या आत हवं, काकांचं स्वतःचं सहाशेच्या वर! डॉक्टरांनी बजावलं होतं, "गोळी रोज घ्या, दारू आणि गोड बंद. नाहीतर स्वादुपिंडाला सूज येऊन जिवावर बेतेल." काका गोळी घेत नव्हते. अर्जुनाच्या सालीचा लसूण घातलेला काढा घेत होते, आणि आख्ख्या नवघरला पाजत होते.

*

जवळच्या मुर्धा गावचे पाटीलमामा यायचे, मासळीवाले. त्यांना डॉक्टरांनी माशाच्या तेलाच्या कॅप्सूल लिहून दिल्या. मामा माझ्यावरच भडकले.

"ताई, आमी जल्मभर मासली इकली. आता तिचंच तेल मीच इकत घेऊ? न्हाय जमनार! त्यापरीस बांगडंच खातो!"

"बरोबर आहे," बाकावरून काका. "बांगडे खा, वर माझा काढा घ्या."

मामांनी बांगडे खाल्ले. रोज चार, तेलात तळून! तीन महिन्यांनी आकडा आणखी चढला. काका शांतपणे म्हणाले, "काढा कमी पडला." माझं डोकं असं तापलं की सांगता सोय नाही.

*

काकांच्याच सोसायटीतले दोन शेजारी, कुलकर्णी आणि शहा. एकाला ट्रायग्लिसराइड्सची गोळी, दुसऱ्याला कोलेस्टेरॉलची. बाकावर बसून दोघांनी गोळ्यांची तुलना चालवली, कोणाची जास्त पॉवरफुल! काही ठरेना. शेवटी शहांनी तोडगा काढला.

"आधी तेरी, आधी मेरी. दोनों का फायदा!"

महिनाभर दोघं अर्ध्या अर्ध्या गोळ्या वाटून खात होते. मला कळलं तेव्हा मी ओरडलेच, "अहो, विचारलंत तरी का कुणाला?"

"विचारलं ना," कुलकर्णी म्हणाले. "सावंतकाकांना."

*

शाळेतून रिटायर झालेल्या एक जोशीबाई होत्या. टेस्टच्या आधी तीन दिवस फक्त मुगाचं पाणी, आणि रक्त दिलं की थेट समोरच्या फरसाणवाल्याकडे. रिपोर्ट झकास! तो बघून डॉक्टर गोळी कमी करायचे. मी एकदा चिडून म्हटलं, "बाई, ही स्वतःचीच फसवणूक झाली!"

"असं कसं? परीक्षेच्या आधीच अभ्यास करतात सगळे!"

ह्यांनी पोरं शिकवली!

*

आणि मग ते शिबिर. एका रविवारी सोसायटीच्या ऑफिसात आम्ही सगळ्यांची तपासणी ठेवली. रक्त मी काढत होते. ट्यूबांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवायचं काम काकांनी सेक्रेटरी म्हणून हौसेनं मागून घेतलं. मी ते देऊन टाकलं. त्याबद्दल मला आजही स्वतःचा राग येतो.

रिपोर्ट आले. काका एकशे अठरा! आणि काकू सहाशे चाळीस!

काकांनी आपला रिपोर्ट नोटीस बोर्डावर लावला, काचेच्या आत, कुलूप घालून. आठवड्याभरात अर्ध्या बिल्डिंगनं गोळ्या सोडल्या आणि काढा धरला. शहा आणि कुलकर्णी तर पहिले.

काकू मुळात काडीसारख्या, चहासुद्धा बिनसाखरेचा. त्यांना गोळ्या लागल्या, कडक पथ्य लागलं. "ह्यांचं उतरलं आणि माझं चढलं बघ," असं मला म्हणायच्या आणि दुधीचा रस प्यायच्या. समोर बसून काका जिलबी हाणायचे, वर उपदेश, "तुला सांगत होतो, काढा घे. ऐकत नाहीस!"

तीन महिन्यांनी काकू नवऱ्याला घेऊन लॅबमध्येच आल्या. "माझ्याबरोबर ह्यांचंही बघ गं." काका नाही नाही म्हणत होते, पण बाकावर शहा, कुलकर्णी सगळे बसलेले, नाही कसं म्हणणार? या वेळी रक्त मी काढलं आणि नावंही मीच लिहिली. ट्यूबा मशीनमध्ये फिरवल्या. चरबी फार असली की वर येणारं पिवळसर पाणी दुधासारखं दिसतं.

काकूंची ट्यूब स्वच्छ. काकांची पांढरीफटक!

"मशीन बिघडलंय तुमचं," काका घाम पुसत म्हणाले.

काकू ट्यूबकडेच बघत होत्या. "मागच्या वेळी माझी अशी होती ना?"

"हो."

"आणि चिठ्ठ्या ह्यांनी लावल्या होत्या."

बाकावरचे सगळे काकांकडे वळले.

काकूंनी पर्समधून गोळ्यांची स्ट्रिप काढली, एक गोळी फोडून काकांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती गिळेपर्यंत समोर उभ्या राहिल्या. मग स्वतःचा हात पुढे केला.

"आता नोटीस बोर्डाची चावी द्या."