सातवे कडवे

१९ नोव्हेंबर १९५६. सारसोळ्याजवळ खाडीत होडी उलटली. सात माणसे बुडाली.

गोजरा ही गावात लग्नाची गाणी म्हणणारी कोळीण. पुढच्या उन्हाळ्यात अंगणात जवळा वाळत घालताना तिने त्या सातांचे गाणे रचले. प्रत्येकाला एक कडवे. गाणाऱ्या बाईची तोंडावर स्तुती करण्याची गावात रीत नव्हती. ‘परत म्हन’ एवढीच पावती. ती गोजराला भरपूर मिळाली. शेजारच्या गावांतून बोलावणी आली, ओटीत नारळ पडले.

फक्त धोंडूबाईने कधी ‘परत म्हन’ म्हटले नाही. बुडालेला चांगदेव तिचा मुलगा. सातवे कडवे त्याचे: ‘चांगदेव वल्हं मारी, खाडी वाट देई.’ ते सुरू झाले की ती पाटी उचलून चालू लागे. इतरांना तो शोक वाटे. गोजराला वेगळाच संशय होता. आषाढात ती धोंडूबाईच्या दारात गेली.

“काकी, चांगदेवाचं कडवं बरं नाय का?”

“बरं हाय. पन त्यात माजा पोर नाय.” मासळी साफ करणारा धोंडूबाईचा हात थांबला नाही. “वल्हं काय, समदेच मारतात.”

“मंग काय घालू?”

“सांगन गं. आज तोंडाशी येत नाय.”

गोजरा परतली ती अपमानित होऊन नव्हे. तिचे गाणे शब्दन्‌शब्द ऐकणारे एक माणूस जगात होते, आणि त्याने ते खोटे ठरवले होते. गौरव होणे आणि ऐकले जाणे यांतले अंतर तिला त्या दिवशी कळले. त्यानंतरचे नारळ तिला नकोसे झाले.

श्रावणात धोंडूबाई तापाने गेली. सांगायचे ते सांगितलेच नाही.

मग गोजरा सहा कडवी म्हणून थांबू लागली.

“म्हातारी झालीस का गं गोजरे? सातवं गिळलंस?” शेजारीण गंगूने सर्वांदेखत टोमणा मारला.

“गिळलं नाय. मला ठावंच नाय.”

बायका हसल्या. जुनेच कडवे गंगूने उचलले, आणि तेच गावोगाव गेले. चांगदेव खरा कसा होता, हे गोजराने अनेकांना विचारले. जो तो सांगे, वल्हं मारावं तर त्यानंच, खाडी वाट द्यायची. तिच्या गाण्याखेरीज कोणालाच काही आठवत नव्हते.

१९६४ साली तिने गाणे सोडले. वल्हे मारणारा चांगदेव अजून गाण्यात आहे. धोंडूबाईच्या मुलाचे कडवे द्यायचे राहिले आहे.