खांबाला लोकर नसते

"इसकू कौन मारा?"

शेडसमोर कोणतीही गाडी थांबली की उस्ताद मालकाकडे न बघता, गाडीकडे बघून हाच प्रश्न विचारायचा. चिंधीने हात पुसत गाडीभोवती एक फेरी मारायचा, मार लागलेल्या जागी दोन बोटे ठेवायचा, आणि मग मालकाकडे असा बघायचा की चारचौघांत आपली चोरी सापडली असे वाटावे. गाडी कशी लागली, असे तो कधी विचारत नसे. गाडी आपोआप लागत नाही, तिला कोणीतरी मारतो, हे त्याचे ठाम मत होते. आणि तो कोणीतरी बहुतेक वेळा समोरच उभा असे.

पडेगावच्या रस्त्याला, भंगारवाल्यांच्या ओळीत त्याचे डेंटिंग-पेंटिंगचे पत्र्याचे शेड होते. पाटी नव्हती. वय साठीच्या पुढचे, मान थोडी तिरकी, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. कामात पक्का, फाटक्या तोंडाचा, आणि गिऱ्हाईक म्हणजे आपल्या कामातली अडगळ समजणारा.

एकदा एक डॉक्टर नवीकोरी मोठी गाडी घेऊन आले. दारावर केसाएवढी रेघ उठली होती. उस्तादने चष्मा कपाळावर चढवला, नाक दाराला लागेपर्यंत वाकला आणि सरळ होत म्हणाला, "मच्छर बैठा था, साब. उड गया. जाव."

एका बिल्डरने गाडीला चहूबाजूंनी चकचकीत पट्ट्या लावल्या होत्या. उस्तादने त्यातली एक नखाने उचलली. "गाडी कू पैंजन कायकू?" त्याने विचारले. 

आणखी एका गृहस्थाने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. परदेशातला कोणी माणूस गरम पाणी ओतून गाडीचा पोचा काढत होता. उस्तादने तो शेवटपर्यंत शांतपणे पाहिला. "अच्छा है," म्हणाला, "इसकेच पास ले जाव."

'साब' हा शब्द त्याच्या तोंडून ऐकला की कोणी शिवी दिली तरी परवडली असे वाटे. गंमत म्हणजे टिंगल करायची असली की तो दख्खनीत बोले आणि गंभीर काही सांगायचे असले की मराठीत. हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

चांगले बोलताना मी त्याला तोवर एकदाच ऐकले होते. पिशोरचा एक टेम्पोवाला आला होता. त्याचे बंपर वाटेत तुटले होते आणि त्याने ते सुती दोराने बांधून तसाच माल बाजारात पोचवला होता. उस्ताद उकिडवा बसून त्या गाठी बराच वेळ बघत राहिला. "तुम्हीच बांधलं? बरं बांधलंय." आम्हा बाकीच्यांच्या वाट्याला हा शब्द कधी आला नव्हता.

आता स्वतःबद्दल सांगतो, कारण त्याशिवाय हा माणूस कळायचा नाही. मी सरकारी कचेरीत नोकरी केली. गाव देवगाव रंगारी, तिथे घरची शेती. वडिलांनी हौसेने घेतलेली गाडी त्यांच्यामागे माझ्याकडे आली. गर्द हिरवी, लांब नाकाची, आता कुठेच न बनणारी. शहरातल्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांनी तिला क्लासिक ठरवले आणि मला आपल्यात घेतले. आमच्यातल्या एकालाही धड स्टेपनी बदलता येत नव्हती, पण कोणत्या सालच्या गाडीला कसली काच होती यावर तास तास वाद चालत. रविवारच्या नाश्त्याला मी उस्तादची नक्कल करायचो. मान तिरकी करून "इसकू कौन मारा" म्हटले की सगळे हसायचे. त्याच्या कामाशिवाय आमचे चालत नव्हते, आणि तो आम्हाला किंमत देत नाही याचा सूड आम्ही असा इडलीबरोबर उगवायचो.

एका रविवारी आमच्या गाड्यांची मिरवणूक निघायची होती. त्याआधीच्या बुधवारी संध्याकाळी मी गावाहून शहराकडे येत होतो. कसाबखेड्याच्या अलीकडे वळणावर मेंढ्यांचा कळप रस्ता ओलांडत होता. माझा वेग जास्त होता. ब्रेक लागेपर्यंत एक मेंढी बंपरखाली आली आणि बाजूला फेकली गेली. आरशात एक म्हातारा धनगर हात वर करून धावताना दिसला.

मी थांबलो नाही. माणसे गोळा होतील, गाडीच्या काचा फोडतील, असे मनाशी म्हणालो. रस्ता काय यांच्या बापाचा आहे का, असेही म्हणालो. खरे तर तिथे त्या म्हाताऱ्याशिवाय कोणी नव्हते.

बंपरचे कव्हर उजव्या बाजूने फाटले होते. नवे कव्हर माझ्याकडे वर्षभर पडून होते, नाशिकच्या एका जुन्या सामानवाल्याकडून आणलेले, बिनरंगाचे. गुरुवारी मी ते स्कूटरवर बांधून उस्तादकडे नेले. रंग जुळवायला पेट्रोलच्या टाकीचे झाकण काढून सोबत नेले.

"कौन मारा?"

"घरच्या फाटकाचा खांब लागला."

त्याने झाकण उन्हात धरले. "नवा हिरवा मारला तर म्हाताऱ्याला कवळी बसवल्यावानी दिसंल. ऊन खाल्लेला मारतो. उद्या गाडी आना."

शुक्रवारी सकाळी गाडी नेली. तो चाकाच्या कमानीत हात घालून स्क्रू काढू लागला, मग खाली सरकून बोल्ट सोडले, बंपरमधल्या छोट्या दिव्यांच्या वायरी सुट्या केल्या. जुने कव्हर दोन्ही हातांनी पुढे ओढून त्याने गोणपाटावर पालथे घातले आणि तो थांबला.

कव्हरच्या फाटीत लोकर अडकली होती. मूठभर, मुळाशी काळी पडून कडक झालेली. उस्तादने ती पकडीने ओढून काढली आणि एका वर्तमानपत्रावर ठेवली. मग चष्मा काढून, त्या दिवशी पहिल्यांदाच, माझ्याकडे नीट बघितले.

"खांबाला लोकर होती का, साब?" हे तो मराठीत म्हणाला.

"मेंढी आडवी आली."

"मेली?"

"माहीत नाही."

"म्हंजे थांबला नाय."

त्याने पकड खाली ठेवली, बादलीत हात धुतले आणि कोपऱ्यात जाऊन डबा उघडला.

"उस्ताद, परवा मिरवणूक आहे."

"मी लावत नाय."

"लावत नाय म्हणजे? मी पैसे देतोय ना?"

"या लाइनीत धा जन बसलेत. कोनी बी लावंल." त्याने भाकरीचा तुकडा मोडला. "माझ्याकडून लावायचं तर आधी जाऊन बघून या. जनावर मेलं का जगलं. ज्याचं व्हतं त्या मानसाला भेटा. मंग लावतो."

"आणि जाऊ कसा? गाडी अशी उघडी."

"अशीच न्या. मोठे दिवे चालतात तिचे."

दुसऱ्या कोणाकडे जावे असे मनात आले. पण रंगवलेले कव्हर त्याच्या शेडमध्ये टांगलेले होते, आणि खरे सांगायचे तर ते मागायची मला हिंमत झाली नाही. एका पत्र्याच्या शेडमधला, तारेचा चष्मा लावणारा माणूस मला हुकूम सोडत होता आणि मी किल्ली फिरवत होतो.

भर दुपारी ती थोबाड काढलेली गाडी घेऊन मी निघालो. पुढून नुसता लोखंडी पट्टा, त्यावर कुजका फोम आणि लोंबणाऱ्या वायरी. दौलताबादला पर्यटकांनी फोटो काढले. आमच्या मंडळातले एक सद्गृहस्थ समोरून आले, त्यांनी गाडी ओळखली आणि मान दुसरीकडे वळवली.

कळप सापडायला वेळ लागला नाही. वळणापासून थोड्या अंतरावर, एका कापणी झालेल्या रानात मेंढ्या बसवल्या होत्या. आमच्या शेतातही खतासाठी दरसाल अशा बसवतात, त्यामुळे ही माणसे मला काही नवी नव्हती. पालासमोर एक बाई दोन कोकरांना धरून दुसऱ्या मेंढीचे दूध पाजायला बघत होती. मेंढी लाथा झाडत होती. बाईने गाडी पाहिली आणि तिला कोण आलंय ते कळले.

"मेली का?" मी विचारले.

"व्हय. पन लगीच नाय." ती कोकरांवरचा हात न काढता बोलत होती. "मामा तुमच्या गाडीमागं पळाले, तवर ती सरकत सरकत काट्यात गेली. अंधारात घावलीच नाय. नुसता आवाज यायचा. सकाळी घावली तवा जीव व्हता. थांबला असता भाऊ, तर तिथंच सुरी फिरवून सोडवली असती तिला."

मामा म्हणजे तिचे सासरे. ते पाण्यावर गेले होते.

मी खिशात होते ते पुढे केले. तिने घेतले. "या दोघान्ला आता वरचं दूध लागंल," एवढेच म्हणाली. आभार मानले नाहीत की शिव्याही दिल्या नाहीत.

"मामा येतीलच. बसा."

मी म्हणालो, उशीर होतोय. लांबून बांधावरून एक पटका येताना दिसत होता. तो जवळ यायच्या आत मी गाडी सुरू केली. त्या म्हाताऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवायचे सोडून मी दोन दिवसांत दुसऱ्यांदा त्याच रस्त्याने पळालो.

उस्ताद शेडच्या दारातच उभा होता.

"मेली," मी म्हणालो. "दोन कोकरं आहेत."

"मानूस भेटला?"

"भेटला."

"काय म्हनला?"

"काही नाही. नुसता बघत होता."

उस्तादने मान हलवली. मग म्हणाला, "बरं केलं." आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

तो चहा मी कसा प्यायलो ते मलाच माहीत. त्यानंतर त्याने नवे कव्हर उतरवले. "तिकून धरा," म्हणाला. दोघांनी मिळून कव्हर पट्ट्यावर चढवले. "जोर लावू नका. ते आपल्या जागी जातं." त्याने आधी सगळे बोल्ट नुसते अडकवून ठेवले, डावी-उजवी फट बोटाने मोजली, कव्हर केसभर सरकवले, पुन्हा मोजले आणि मगच एकेक आवळत गेला. रंग असा जुळला होता की कुठे जुने संपते आणि कुठे नवे सुरू होते ते मलाही सांगता येईना. सगळा वेळ तो माझ्याशी मराठीत बोलत होता. एकदाही 'साब' म्हणाला नाही.

रविवारी मिरवणुकीत लोकांनी गाडीची तारीफ केली. नाश्त्याला मंडळी म्हणाली, उस्तादची नक्कल करा. मी म्हणालो, घसा बसलाय.

त्याला खरे सांगायचे मी बरेच महिने मनात घोळवत होतो. तो उद्धट होता, गिऱ्हाइकांना कस्पटासमान लेखायचा, हे माझे मत आजही बदललेले नाही. फक्त तो आम्हाला तसे लेखायचा त्यात त्याची काही चूक होती असे आता वाटत नाही. आमच्यातल्या एकाला त्याने जरा वरचा मानले, आणि नेमका तोच खोटा निघाला.

शेवटी एका सकाळी गेलो. शेडला निळा रंग दिला होता आणि आत पाण्याचे जार भरणे चालू होते.

"इथं उस्ताद होते," मी जार भरणाऱ्या माणसाला म्हणालो.

"कोनते उस्ताद? या लाइनीत समदेच उस्ताद."

"गाडीचं काम करायचे. म्हातारे."

"नाव काय?"

इतक्या वर्षांत मी ते कधी विचारलेच नव्हते. शेजारच्या भंगारवाल्याने तिथूनच सांगितले, "वो तो गया. बेटी के पास. जालना, नै तो बीड." त्यालाही नक्की ठाऊक नव्हते.

जारवाल्याने नळ बंद केला, बाहेर येऊन माझ्या गाडीकडे पाहिले.

"काय काम होतं? बंपर बसवायचंय का?"

"नाही," मी म्हणालो. "ते नीट बसलंय."